आमच्या घरातला लांडगा

माझा स्वभाव संशयी आहे, असं माझ्या माहेरचेही म्हणतात आणि सासरचेही. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. सासर सुटलं त्यालाही काही वर्षं झाली, पण ते मत काही सुटलं नाही. एस.टी.त कंडक्टर म्हणून लागले, तेव्हा निदान या स्वभावाचा पगार तरी मिळायला लागला. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर बघत बसतो, आणि फार रस घेऊन बघतो. सोलापूर ते टेंभुर्णी रस्त्याला एवढा रस घेऊन बघण्यासारखं काय आहे? आता तर सवलतींचे दिवस आले. पंचाहत्तरी ओलांडली की प्रवास फुकट, त्यामुळे मोहोळला चढणारा काळ्याभोर मिशांचा गडी मला सांगतो, "शहात्तरावं चालू हाय बगा बाई." मी म्हणते, कार्ड दाखवा. मग कार्ड घरी राहिलेलं असतं. माणूस स्वतःला जे काही म्हणवून घेतो ते काहीतरी पदरात पाडून घ्यायला, हे मी बसमध्ये उभी राहून शिकले, आणि भाचीच्या बाबतीतही मी इथूनच सुरुवात केली.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ सांगोल्याच्या बाजूला मेंढ्या राखतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मेंढकेच. मीच काय ती घरातून बाहेर पडून बसमध्ये चढले. पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिने पुढे फार्मसी करायचं डोक्यात घेतलं. भावाच्या मनात नव्हतं. शेवटी माझ्याकडे सोलापुरात राहून अकरावी-बारावी करायची असं ठरलं, पण सोडायला आला तेव्हा पायरीवरच त्याने मला बजावलं, "आक्का, तुज्या नजरंखाली ऱ्हाईल तवर शिकंल. कायबी उलटंसुलटं दिसलं की त्याच दिशी घिऊन जातो. मग शाळा न्हाय आन्‌ कालेज न्हाय. सरळ लगीन." पोरगी शेजारीच उभी होती. तिने मान हलवली. भाऊ बोलतो ते करतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. इतकं सुरळीत, की मला शंका यायला हवी होती. बारावी सुरू झाली आणि एकेक दिसायला लागलं. फोन कायम पालथा ठेवलेला. खोलीचं दार लोटलेलं. कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर गेली की तासभर खाली येत नसे, आणि कपडे तर दोनच. दर रविवारी पहाटे उठून 'मैत्रिणीकडे अभ्यासाला' जायची आणि येताना तिची सलवार गुडघ्यावर मळलेली असायची. पोरगी प्रेमात पडली आहे हे कळायला कंडक्टर असावं लागत नाही. पण एक गोष्ट मला त्यात बसवता येईना. तिचे तळहात. माझा सगळा जन्म लोकांच्या तळहातांकडे बघण्यात गेला. पैसे घ्यायचे, तिकीट द्यायचं, तोंडाकडे बघायला वेळ कुठे असतो? खोरं धरणारा हात कसा असतो, हे मला बघताक्षणी कळतं. या मुलीच्या तळव्यांना, बोटांच्या मुळाशी आणि मनगटाजवळच्या उंचवट्यावर घट्टे पडले होते. प्रेमात पडलेल्या मुलीला घट्टे पडत नाहीत.

त्यात खालच्या घरमालकीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. त्या तेलुगू, त्यांच्याकडे पूर्वी चादरींचे माग होते, आणि त्यांचं मराठी त्यांच्यासारखंच ठणठणीत आहे. "बाई, कुत्रं आणलं की काय ओ तुम्ही?" त्या म्हणाल्या. "गच्चीवरून धडधड आवाज येतंय. इकडनं तिकडं पळतंय, तिकडनं इकडं पळतंय. सांगायचं तरी की. भाडेकरूला कुत्रं चालत नाही म्हणून आधीच सांगितलेलं आहे."

मी म्हटलं, आमच्याकडे कुत्रं नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी मला कळलं की समोरच्याचा आपल्यावर विश्वास बसत नाही तेव्हा किती चीड येते. पण त्यावर विचार करायला मला वेळ नव्हता. मी वर गेले आणि पोरगी कॉलेजला गेलेली असताना तिची कपड्यांची बॅग उघडली. यात मला काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. बॅगेच्या तळाशी, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं एक शेपूट होतं.

मी ते हातात धरून पलंगावर बसले. चांगलं हातभर लांब, करड्या आणि काळ्या लोकरीचं, टोकाला गडद, आणि वरच्या बाजूला कमरेला बांधायचा पट्टा. खेळण्यातलं नव्हतं. लोकर पिंजून, थर देऊन, मन लावून केलेलं काम होतं. मी वास घेतला. आमच्याच मेंढ्यांची लोकर. मग आठवलं, पावसाच्या तोंडाला कातरणी झाली तेव्हा ती बापाकडून पिशवीभर लोकर मागून घेऊन आली होती. कशाला, तर कॉलेजचं प्रोजेक्ट म्हणे. बापाने काळी आणि करडी निवडून दिली होती.

डोक्यात काय काय आलं ते सांगते. आधी वाटलं, करणी. मग वाटलं, नाटक. पण नाटकात भाग घेतला असता तर तिने सांगितलं असतं. मग वाटलं, मोबाइलवरचं कुणीतरी हिच्याकडून काहीतरी भलतंच करून घेतंय. शेपूट होतं तसं गुंडाळून ठेवलं आणि रविवारची वाट बघत बसले.

रविवारी ती निघाली, तिच्या मागे मी स्कूटी चालू न करता गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली. ती गेली एका बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत. तिथे बाभळी आहेत, पडक्या भिंती आहेत आणि माणसांनी टाकलेला राडारोडा आहे. आणखी तिघं आली: दोन मुली, एक मुलगा. मुलगा दिसला आणि मला जरा बरं वाटलं, कारण मुलगा म्हणजे काहीतरी समजण्यासारखं. मी भिंतीआड उभी राहून बाटली, सिगारेट, पुडी, गंडेदोरे घातलेला एखादा बाबा, असं सगळं नजरेने शोधलं. काही नाही. चौघांनी पिशव्यांतून पुठ्ठ्याचे रंगवलेले मुखवटे काढले, तोंडावर बांधले, शेपट्या लावल्या आणि हात जमिनीला टेकून चार पायांवर पळायला लागले.

बाकीच्या तिघांचं बघून मला हसू आलं. पोरं घोडाघोडा खेळतात तसं. ढुंगण वर, धाप लागलेली, मध्येच थांबून मुखवटे सावरणं. आमची पोरगी मात्र तशी पळत नव्हती. दोन पायांवर ती खांदे पाडून चालते, वर्गात मागे बसणाऱ्या मुलीसारखी. इथे तिची पाठ सरळ आणि मान खाली होती, आणि ती पडक्या भिंतीवरून अशी पलीकडे गेली की हात टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. एकदा ती थांबली आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता. तिला मी दिसले नाही, एवढं मात्र नक्की. तरी मी दोन पावलं मागे सरले. नंतर चौघांनी मुखवटे काढून डब्यातल्या इडल्या खाल्ल्या, फोनवर एकमेकांचे फोटो बघितले आणि मग सगळी पांगली. एवढं बघायला मी माझी सुटी घालवली होती.

ती घरी आली तशी मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि शेपूट गुंडाळलेली ओढणी काढून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. पोरगी रडली नाही की ओरडली नाही. हात धुतले, पाणी प्यायली आणि म्हणाली, "इचारा आत्या."

"काय आहे हे?"

"शेपूट."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"मी लांडगा हाय."

कार्ड दाखव, एवढंच म्हणायचं मी बाकी ठेवलं. तिने सांगितलं, अशी खूप जणं आहेत, जगभर, त्यांना थेरियन का काय म्हणतात. ते इंग्रजी नाव तिला फोनवर सापडलं ते दोन वर्षांपूर्वी, पण हे असं वाटणं चार-पाच वर्षांची असल्यापासूनचं. मी विचारलं, अंगात येतं का? नाही. कुणी सांगितलं करायला? नाही. मग हे सोंग आहे का? "त्यातल्या एकीचं सोंग हाय," ती म्हणाली. "ती गंमत म्हणून येती. तो मुलगा मांजर हाय म्हणतो, त्येचं खरं का खोटं मला म्हाईत न्हाय. माजं सोंग न्हाय. अंग माणसाचंच हाय, ते मला कळतंय की आत्या. मी येडी न्हाय. पर आत मी माणूस न्हाय."

"मेंढरांच्या घरात जन्माला येऊन लांडगा?" मी म्हटलं. "दुसरं काही सुचलं नाही तुला? हरीण हो. मोर हो."

"सुचायचं काय त्यात?" ती म्हणाली. "म्हणून तर कुणाला सांगितलं न्हाय."

मेंढक्याच्या घरात लांडगा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागेल. आमच्याकडे त्याचं नावही घेत नाहीत. 'ते आलतं' एवढंच म्हणतात. माळावर तो आजही आहे. कळपातलं एखादं कोकरू त्याने नेलं तर आमचा भाऊ शिव्या देत नाही, त्याचा वाटा त्याने नेला म्हणतो. पण त्या रात्रीपासून आठवडाभर तो वाघरीजवळच झोपतो. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी. माझ्या भावाचं सगळं आयुष्य एका वाक्यात सांगायचं तर लांडग्याला वाघरीच्या बाहेर ठेवणं.

मी तिला डॉक्टरांकडेही नेलं. डॉक्टरबाई तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या आणि मला म्हणाल्या, झोपते नीट, जेवते, अभ्यास करते, कुणाला त्रास नाही, स्वतःला त्रास नाही. तुम्ही तिच्याशी बोलत राहा. फी घेऊन 'काही नाही' सांगणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसत नाही. मी तिचा फोन तपासला, त्यात नुसते लांडग्यांचे व्हिडिओ आणि रसायनशास्त्राच्या नोट्स. मी त्या मांजर मुलाच्या आईलासुद्धा शोधून काढलं आणि सहज म्हणून बोलले. तिला वाटत होतं मुलगा व्यायामाला जातो. मला एकच गोष्ट शोधायची होती: हिला यातून मिळतं काय? कारण काही मिळत नसताना माणूस असं कशाला करील? सापडलं नाही. तोपर्यंत एवढं ठरवून टाकलं की गावी यातला शब्दही जाता कामा नये. कुणी विचारलंच, तर कॉलेजात खो-खो सुरू केलाय, असं सांगायचं. तिला मी हे तीनदा पढवलं. ती "बरं" म्हणाली.

आणि पुढच्याच आठवड्यात भावजयीचा व्हिडिओ कॉल आला. पोरीने केस मागे सारायला हात वर केला, आणि आईच ती, तिला घट्टे दिसले. "हाताला काय झालं गं?" मी मागून ओरडले, खो-खो! पोरीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आईला सगळं सांगितलं. फोन बंद झाल्यावर मी तिला इतकी बोलले की घरमालकीण खालून वर बघायला आली. "खोटं बोलता येत नाही का तुला? साधं एक वाक्य! कॉलेज गेलं आता तुझं." तेव्हा ती रडली. म्हणाली, "आईनं तोंडावर इचारलं की हो."

मला वाटलं भाऊ दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात उभा राहील. त्याऐवजी फोन आला, आणि त्याचा आवाज चक्क हलका होता. मला त्याचाच संशय आला. तो म्हणाला, काय झालंय ते कळलं. नवस बाकी हाय.

भावजयीला बरीच वर्षं मूल नव्हतं. तेव्हा खंडोबाला नवस बोलले होते, पहिलं लेकरू तुझं कुत्रं म्हणून तुझ्या पायाशी घालीन. आमच्यात ही पद्धत आहे. देवाची कुत्री म्हणवणारे वाघ्ये असतात. ते भुंकतात, आणि कोटंब्यात, म्हणजे देवाच्या लाकडी भांड्यात, वाढलेलं दूध-भाकरी जमिनीवर ओणवं होऊन तोंडाने खातात. नवसाच्या लेकरालाही एकदा तसं तोंड लावायला लावतात, म्हणजे नवस फिटला. ही झाली तेव्हा बाकी सगळं झालं, बकरं कापलं, तळी उचलली, पण कोटंब्याला तोंड लावायच्या वेळी मी आडवी आले होते. पोरीच्या जातीला हे नको, उद्या देवाला सोडली म्हणतील, म्हणून मी भांडले आणि ते राहिलं. आता सगळ्यांना उलगडा झाला होता. पोरगी कुत्र्यासारखी पळते? पळणारच. देव आपलं कुत्रं मागतोय. भाऊ म्हणाला, "रविवारी दोघी या. मामा येतोय. कोटंबा करू, आन्‌ मग लाव तिला अभ्यासाला."

पोरगी कुत्रं म्हणालीच नव्हती. तिने आईला लांडगाच सांगितलं असणार. पण भावजयीने बापापाशी पोचवताना त्याचं कुत्रं केलं होतं. त्यात तिची चूक म्हणवत नाही. नवऱ्यासमोर घरात तो शब्द तरी कसा काढायचा? मी पोरीला बसमध्ये समजावलं: नशीब समज, सगळं आपोआप मिटतंय. एकदा दुधाला तोंड लावायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. ती खिडकीबाहेर बघत होती.

मामा म्हणजे आमच्या आईचा भाऊ, वाघ्या. खूप म्हातारा झालाय, गुडघे धड वाकत नाहीत. लहानपणापासून मी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत आले, कारण कोटंबा झाला की त्याला शिधा मिळतो, आणि जिथे काही मिळतं तिथे माझा विश्वास संपतो. त्या दुपारी अंगणात, वाघरीच्या शेजारीच त्याने घोंगडी अंथरली, भंडारा उधळला, घाटी, म्हणजे हातातली घंटा, वाजवली, "येळकोट येळकोट" झालं, आणि मग तो गुडघे टेकून, हातांवर भार देऊन ओणवा झाला आणि भुंकला. एरवी बोलायला त्याला धाप लागते. तो आवाज कुठून आला ते सांगता येणार नाही. कोटंब्यात तोंड घालून त्याने दूध लपलप प्यायलं. दाढीवरून थेंब गळत होते. मी पोरीकडे बघितलं. ती पापणी न हलवता त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख होती. थट्टा नव्हती, किळस नव्हती.

मामाने कोटंबा तिच्यासमोर सरकवला. "ये बाय," तो म्हणाला. "देवाचं कुत्रं हायस तू. एकदा तोंड लाव, मोकळी झालीस."

भाऊ म्हणाला, "मग जा आक्कासंगं. कर तुजी बारावी."

असं सगळं सोपं होऊन समोर आलं होतं. एक घोट दूध. मी तिच्या दंडाला धरून कानात म्हटलं, "कर. मुकाट कर." तिने कोटंब्याकडे बघितलं, मग मामाकडे, आणि हात जोडले.

"आजा, मला नगं. ह्ये कुत्र्याचं हाय. तुमचं हाय. मी कुत्रं न्हाय."

"मंग कोण हायस?"

मी मानेने नाही नाही म्हणत होते. तिने ते बघितलं, आणि बापासमोर, वाघरीपासून दहा पावलांवर, तो शब्द उच्चारला.

भावजयीने तोंडाला पदर लावला. मामाने तिला न्याहाळलं. मग विचारलं, "देवाचा?" ती म्हणाली, "न्हाय. कुणाचाच न्हाय." मामाने मान डोलावली, कोटंब्यातलं उरलेलं दूध स्वतः संपवलं, आणि घाटी उचलत म्हणाला, "मग ह्यात माजं काम न्हाय. देवापाशी कुत्र्याची जागा हाय. त्येची मला म्हाईत न्हाय." आणि शिधा न घेता तो जाऊन ओसरीवर बसला.

भाऊ उठला नाही, ओरडला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. "आक्का," तो म्हणाला, "तू देवाचं खरं धरत न्हाईस, मामाचं धरत न्हाईस, माजं तर कदीच धरलं न्हाईस. तूच सांग. पोरीचं ह्ये सोंग हाय का?"

सोंग आहे म्हणाले असते, तर तो तिला तिथेच ठेवून घेणार होता. एवढ्यासाठी शहरात धाडली का, म्हणाला असता, आणि दिवाळीनंतरची तिथी धरली असती. पण मी पोरीला वाचवायला बोलले असंही नाही. मला खरंच दिसलं होतं. सोंग घेणारा सवलत सोडत नाही. तिला फुकट सुटका समोर ठेवलेली होती, सगळे तिला हो म्हणायला तयार होते, एक घोट घ्यायचा होता, आणि तिने दुसऱ्याचं म्हणून तो घेतला नाही. एवढ्या वर्षांत मी असा माणूस बघितला नव्हता.

"न्हाय," मी म्हटलं. "सोंग न्हाय. ती म्हणती ते खरं हाय."

भावजय माझ्याकडे बघतच राहिली.  भाऊ म्हणाला, "जाऊ दे मग. शिकू दे तिला. हितं ठिवून तरी काय करू?" एवढंच. लग्नाचं नाव नाही, आरडाओरडा नाही. पोरीचा चेहरा असा उजळला की तेवढ्यासाठी मी पुन्हा दहा वेळा साक्ष दिली असती. तिने बापाच्या पायांना हात लावला, आईच्या गळ्यात पडली, आणि आनंदात वाघरीकडे पळाली. जाळीच्या कडेलाच आदल्या दिवशी झालेलं एक कोकरू अडखळत उभं होतं. तिने ते उचलून छातीशी धरलं. ते ओरडलं नाही की धडपडलं नाही, तिच्या गळ्यात नाक खुपसून राहिलं.

भाऊ तिच्यामागून गेला. तो घाईत नव्हता. त्याने तिच्या हातांतून कोकरू काढून घेतलं. ओढून नाही, झोपलेलं मूल आपण दुसऱ्याकडून घेतो तसं, डोकं सांभाळून. ते आईपाशी सोडलं, वाघर ओढून घेतली आणि मेखेला गाठ मारली. पोरगी जाळीच्या बाहेर उभी होती, हात तसेच छातीशी.

मी म्हटलं, "अरे, तुझीच पोरगी आहे ती!"

"व्हय," तो म्हणाला. "पर तूच म्हनलीस न्हवं, खरं हाय म्हनून?"

 मला त्याचा राग आला, आणि रागवायला जागा सापडेना. भावजयीने लांडग्याचं कुत्रं केलं होतं, डॉक्टरबाई 'काही नाही' म्हणाल्या होत्या, मामाने हात वर केले होते, मी पुरावे मागत फिरले होते. तिच्या शब्दावर पुरता विश्वास ठेवणारा तिला हा एकच माणूस भेटला होता, आणि तो मेंढका होता.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते, ते त्याने लपवलेही नाहीत. "लई शिक," तो म्हणाला. "घर तुजंच हाय. फकस्त दिवाळीनंतर येत जा बाळा. मेंढरं चरायला लांब गेली की मग ये."

दिवाळीनंतर मेंढ्या घाटापर्यंत जातात, त्या पावसाच्या तोंडाला परत येतात. त्यांच्याबरोबर तोही जातो. म्हणजे ती घरी येईल तेव्हा बाप घरी नसेल, आणि बाप असेल तेव्हा तिने यायचं नाही. हे त्याला कळत होतं, आणि त्याच्याकडे बघणाऱ्या तिलाही.

"व्हय आबा," ती म्हणाली.